निघायच्या आधी निघू नकोस

प्रिय मुली,

तुझा सोमवारचा मेल मिळाला. त्याच्या आदल्याच दिवशी तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता, त्यामुळे दोन्ही बाजू मला कळल्या आहेत. आईचं म्हणणं, ऑगस्टच्या शेवटी युनिव्हर्सिटी सुरू होतेय आणि तू इंग्लंडहून, आपल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या मिशनवरून, म्हणजे दीड वर्षाच्या धर्मप्रचाराच्या सेवेवरून, येणार सप्टेंबरच्या अखेरीला, म्हणजे एक सेमिस्टर हातचं गेलं. शिवाय यंदा गणपती सप्टेंबरात, तेव्हाही तू घरी नाहीस. शिक्षणाचं कारण सांगितलं तर मिशन प्रेसिडेंट, म्हणजे तिथले तुमचे प्रमुख, काही आठवडे आधी सोडतात, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलंय. "ती तुझं ऐकते, तू सांग तिला," म्हणाली.

आणि तू लिहितेस की तुझं मन आता तिथं लागतच नाही. दीड वर्षाचं नेमकं काय झालं ते कळत नाही. दिवसभर लोकांशी बोलतेस आणि रात्री पडल्या पडल्या इथल्या, युटातल्या लीहायच्या घरातल्या तुझ्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते ठरवत बसतेस. "मावशी, मी मनानं केव्हाच निघालेय. मग उरलेले सहा आठवडे नुसतं शरीर इथं ठेवून काय करू?"

थांब, एवढंच माझं उत्तर आहे. निघायच्या आधी निघू नकोस.

तू किती छान सेवा केलीस, देवाला सगळं दिसतं, हे मी लिहिणार नाही. ते तुला परत आल्यावर रविवारच्या सॅक्रामेंट मीटिंगमध्ये भाषण झालं की दारात उभं राहून लोक सांगतील. प्रार्थना कर म्हणूनही सांगत नाही. करत नसतीस तर तुला हा प्रश्न पडलाच नसता, गुपचूप अर्ज करून मोकळी झाली असतीस.

तुमच्यात याला 'ट्रंकी' होणं म्हणतात, आमच्या वेळीही म्हणायचे. बॅग भरून बसलेल्या पोरीची सगळे थट्टा करतात आणि विषय तिथंच मिटतो. मला त्यात थट्टेसारखं काही दिसत नाही. दीड वर्षात माणूस खरा कसोटीला लागतो तो याच सहा आठवड्यांत. पहिल्या महिन्यात भीती तुला पळवत असते. मधल्या काळात सवय चालवते. शेवटी भीतीही नसते, सवयीचाही कंटाळा आलेला असतो, आणि उरतं ते फक्त तू दिलेलं वचन. ते या आठवड्यांत पाळलंस तरच ते तुझं. आधीचं सगळं कुणीतरी तुझ्याकडून करवून घेतलेलं होतं.

आता तुझ्याच मेलमधल्या दोन गोष्टी तुला दाखवते, कारण त्या तू ओझरत्या लिहून टाकल्या आहेस.

पहिली तुझी नवी सोबतीण. ब्राझीलहून आलेली, प्रेस्टनच्या ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडून जेमतेम तीन आठवडे झालेली. यॉर्कशरमधल्या लोकांचं बोलणं तिला कळत नाही, रात्री पांघरुणात तोंड घालून रडते. तू लिहिलंयस, "आता मला तिला सांभाळायची ताकद नाही." अगं, तिला सांभाळायला तुझ्याशिवाय आहे कोण तिथं? चोवीस तास दोघींनी एकमेकींच्या नजरेत राहायचं, एकटीनं कुठं जायचं नाही, हा नियम काय नुसता पहाऱ्यासाठी आहे? उद्या तू उठून आलीस तर तिची तिसऱ्याच कुणाशी तरी जोडी लागेल, आणि मिशन म्हणजे काय याचा तिचा पहिला धडा असा होईल, की जिनं मला शिकवायचं तीच मध्येच उठून गेली. तुझी पहिली ट्रेनर आठव. तिच्याबद्दल तू मला पानं भरभरून लिहायचीस. तीही तेव्हा शेवटच्या ट्रान्सफरमध्येच, म्हणजे शेवटच्या सहा आठवड्यांतच होती ना? तिनं रंग ठरवला होता का खोलीचा? ठरवला असेलही. तुला मात्र कधी कळलं नाही.

दुसरी गोष्ट त्या म्हाताऱ्या बाईंची, ज्यांच्याकडे तुम्ही गुरुवारी जाता. नवऱ्याला विस्मरणाचा आजार, तो समोर बसून टीव्हीकडे बघत असतो. तुम्ही चहा घेत नाही हे कळल्यापासून त्यांनी ऑरेंज स्क्वॉशची बाटली आणून ठेवलीय, आणि तुम्ही यायच्या आधी दोन ग्लास धुऊन ओट्यावर उपडे घालून ठेवतात. बाप्तिस्म्याचं नाव काढलं की विषय बदलतात. तू लिहिलंयस, "तिथं काही होणार नाही, मावशी." काही म्हणजे काय व्हायला हवंय? एका घरात आठवड्यातून एकदा कुणीतरी ठरल्या वेळी येतं, हे त्या बाईला आता माहीत झालंय. त्यांना निरोप न देता, पुढं कोण येणार ते न सांगता, आईनं सेमिस्टरचं सांगितलं म्हणून तू निघून येणार? ते ग्लास धुतलेलेच राहतील गं.

रागावून लिहितेय खरी. पण मुली, तुझ्यावर जीव आहे म्हणूनच राग येतो. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर दोन ओळी लिहून गप्प बसले असते.

तुझ्या आईवर तू रागावू नकोस. ती आपल्या चर्चची नाही, घरात गणपती बसवते, आणि तरीही तिनं एकुलत्या मुलीला अठरा महिन्यांसाठी पाठवलं. तेही स्वतःच्या पैशानं. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष; कुठं जायचं ते आपण निवडायचं नाही, पत्र येईल तिथं जायचं; दर सहा आठवड्यांनी गाव नाही तर सोबत बदलू शकते. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, "आजारी पडली तर जवळ कोण असेल?" अशा आईनं आज सेमिस्टरचं काढलं तर त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला तू हवी आहेस आणि हवी आहेस म्हणायला कारण लागतं, ते तिनं युनिव्हर्सिटीत शोधलं.

पण ती तिच्या जागी बरोबर असली म्हणून तू तुझी जागा सोडायची नसते.

आता त्या सोमवारच्या व्हिडिओ कॉलबद्दल. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला घरी बोलायची मुभा मिळाली, फार चांगलं झालं, मला मनापासून आनंद झाला होता. आम्हाला वर्षातून दोनदा फोन करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. मी सिकंदराबादच्या एका एसटीडी बूथमध्ये घामेजून उभी राहायची. समोर मीटरवर लाल आकडे पळतायत, पलीकडे आई नुसतीच "बोल, बोल" म्हणतेय आणि दोघींनाही बोलता येत नाहीय. त्या काचेच्या खोक्यातलं गुदमरणं मी कुणाला चिंतणार नाही. तरी तुला सांगते, तुझा दर सोमवारचा कॉल गेले दोन महिने निघण्याचाच कॉल झालाय. तिकीट, कोर्स, खोली, रंग. येत्या सोमवारी आईला सांग, की मिशन ऑफिसकडून तिकिटाचा मेल येईपर्यंत परतीचं बोलायचं नाही. मग तिच्या गुडघ्याबद्दल विचार. फिजिओकडे जायचं टाळतेय ती, तुला सांगणार नाही. घरी नसतानाही आईची विचारपूस करता येते. त्यासाठी इंग्लंड सोडावं लागत नाही.

तुला माझ्या आजीचं कधी सांगितलं नाही. आज सांगते.

तेव्हा मुलींना २१ पूर्ण झाल्याशिवाय मिशनवर जाता येत नसे. १९ चं वय २०१२ मध्ये झालं. मी पुण्याची, घरात चर्चमध्ये गेलेली मी एकटी. वडील बोलेनासे झाले होते, आईनं लपवून ट्रंकेत शेंगदाण्याचे लाडू घातले, आणि वाईला राहणारी आजी म्हणाली, "देवाचंच काम ना? मग जा. पण मी आहे तोवर ये." मला हैदराबादला पाठवलं. वर्ष उलटून गेलं होतं, थोडेच महिने राहिले होते, तेव्हा आमच्या घरमालकांकडे फोन आला की आजी गेली.

मिशन प्रेसिडेंट म्हणाले, जायचं असेल तर आजच तिकीट काढतो, ठरवायचं तुम्ही. मी रात्रभर विचार केला आणि नाही म्हणाले. वाईच्या घरात काय वाट बघतंय ते मला माहीत होतं. माझ्यासाठी स्थळं बघून ठेवली होती. एकदा त्या घरात पाऊल टाकलं असतं तर दहावं, तेरावं, मग "आता कशाला परत जातेस" हे सुरू झालं असतं, आणि मी परतले नसते. मी तिथंच राहिले. काकांनी पुढं कित्येक वर्षं माझं नाव घेतलं नाही. "आजीला खांदा द्यायला मुली लागत नाहीत, पण तोंड बघायला तरी यायचंस," हे त्यांचं वाक्य मला दुसऱ्यांकडून कळलं, आणि ते आजही मधूनच ऐकू येतं. आजीचं शेवटचं तोंड मला बघायला मिळालं नाही याची खंत आहे आणि ती मरेपर्यंत राहणार. ती मी कुणाकडूनही पुसून घेणार नाही.

पण राहिले हे बरोबरच केलं. आजही तेच करेन.

आम्ही ज्यांना शिकवायला जायचो त्यांत एक शिवणकाम करणारी विधवा होती. घरात एकच खोली, मशीनवर ब्लाउजपिसांची चळत. माझं तेलुगू तेव्हा धडपडतच चालायचं. कुणाकडून तरी तिला आजीचं कळलं. दहाव्या दिवशी आम्ही गेलो तर तिनं धडा ऐकायला नकार दिला. मला खाली बसवलं, स्वतः मागं स्टुलावर बसली, माझ्या वेणीचा पेड सोडला आणि डोक्यावर तेल घालून चोळायला लागली. "नानम्मा," म्हणजे आजी, एवढंच म्हणाली. मग आंबट गोंगुऱ्याचं वरण आणि भात वाढला आणि मी जेवेपर्यंत समोरून हलली नाही. ती पुढं चर्चमध्ये आली की नाही हे लोक मला हमखास विचारतात. मी सांगत नाही, कारण त्या दिवशी माझं सुतक तिच्या घरात पाळलं गेलं, आणि ते मी तिथं होते म्हणून. तिथं नसते, मनानं वाईला असते, तर ते तेलाचे हात माझ्या डोक्यापर्यंत पोचलेच नसते.

तू म्हणशील, मावशी हे माझ्यासाठी लिहितेय की त्या काकांना उत्तर देतेय? दोन्हीही असेल. काका आता नाहीत. पण त्यांना जे सांगायचं होतं तेच तुला सांगायचंय: माणूस दोन ठिकाणी अर्धा अर्धा असला की दोन्हीकडे नसतो. मी हैदराबादला पूर्ण होते. म्हणूनच नंतर पुण्याला आले तेव्हा पूर्ण आले. भारतात तेव्हा एकही स्टेक, म्हणजे चर्चच्या अनेक मंडळ्या मिळून होणारा विभाग, नव्हता, पहिला हैदराबादलाच २०१२ साली झाला, त्यामुळे निघताना प्रेसिडेंटनीच मला सेवेतून मोकळं केलं. मी नेमटॅग काढून पर्समध्ये टाकला आणि गाडीत बसले. पुण्यात उतरले ती आईची मुलगी म्हणून. वडिलांचा अबोला होता तो होताच. रोज सकाळी त्यांच्यापुढं चहा ठेवत राहिले, स्वतः न घेता, आणि एके दिवशी ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "साखर कमी झालीय." त्यानंतर आम्ही बोलायला लागलो.

तू जिथं आहेस त्या मुलखाचं तुला मी सांगायला नको, पण एक गोष्ट विचारते. रिबल नदीच्या खोऱ्यातलं चॅटबर्न गाव तू पाहिलंस का? तुझ्यापासून फार लांब नाही. आपल्या चर्चचा मिशनरी हिबर किंबल १८३७ च्या जुलैत लिव्हरपूलला उतरला, महिना संपायच्या आत प्रेस्टनला रिबल नदीत पहिले नऊ बाप्तिस्मे झाले, हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतातच. मला त्याचं निघणं जास्त महत्त्वाचं वाटतं. १८३८ च्या वसंतात त्याला परतायचं होतं. अमेरिकेत कर्टलंडला बँक बुडालेली, चर्चमध्ये फूट पडलेली, बायकामुलं तिथं हलाखीत. घाई करायला याहून मोठं कारण कुणाकडे असेल? तरी तो चॅटबर्नला चालत गेला, निरोप घ्यायला. लोक हातातलं काम टाकून दारात आले, पोरं एकमेकांचे हात धरून गात त्याच्याबरोबर चालत निघाली. गाव मागं पडल्यावर त्याला इतकं रडू आलं की पाण्यापाशी जाऊन डोळे धुवावे लागले. हे त्याचं त्यानंच लिहून ठेवलंय. मला नेहमी वाटतं, शेवटचे आठवडे तो मनानं कर्टलंडला असता तर त्या पोरांना कळलं असतं. पोरांना कळतंच.

आणि 'दीड वर्षाचं काय झालं' म्हणतेस म्हणून पुण्याचंही सांगते. मी पुण्यात वाढले, चर्चमध्ये आले, तरी आपल्या शहरात १८५० च्या दशकातच आपल्या चर्चचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी येऊन राहिला होता हे मला फार उशिरा कळलं. तो आधी मुंबईत उतरला, मग पुण्याला. पाद्री विरोधात, वर्तमानपत्रं विरोधात, लष्कराच्या छावणीत प्रचाराला अडकाठी. मूठभर माणसं जमली. १८५६ पर्यंत हिंदुस्थानात आलेले सगळे मिशनरी परत गेले होते, आणि भारतात स्वतंत्र मिशन उभं राहायला १९९३ उजाडलं, तेही बंगळूरला. फिंडलेनं पुण्यात काय मिळवलं याची यादी केली तर ती अर्ध्या पानात संपेल. पण तो पुण्यात राहिला, लोकांना भेटत राहिला, निघेपर्यंत निघाला नाही. तू यादी करत बसली आहेस, म्हणून तुला तुझं दीड वर्ष रिकामं दिसतंय. यादी ठेवणं तुझं काम नव्हतंच. तुझं काम तिथं असणं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर माझ्या बोलण्याचा कुणीतरी भलता अर्थ लावेल. जी मुलं आजारपणामुळे, मन थकल्यामुळे, खरंच झेपेना म्हणून मुदतीआधी घरी येतात, त्यांच्याकडे वाकड्या नजरेनं बघणाऱ्यांचा मला संताप येतो. आमच्या वॉर्डातही, म्हणजे आमच्या मंडळीतही, असे लोक आहेत आणि मी त्यांना तोंडावर सुनावलंय. तू आजारी असतीस, रात्र रात्र झोप नसती, जेवण जात नसतं, तर मीच प्रेसिडेंटना लिही म्हटलं असतं आणि विमानतळावर आले असते. तसं असेल तर आत्ता सांग. पण तुझ्या मेलमध्ये ते नाही. तुझ्या मेलमध्ये कंटाळा आहे आणि भिंतीचा रंग आहे.

तेव्हा उरलेल्या दिवसांत काय करायचं ते सांगते. ज्या ज्या घरात पाणी प्यायलीस त्या प्रत्येक घरी एकदा जाऊन ये, सोबतिणीला घेऊन. 'मी या तारखेला जातेय, पुढं ही येईल' असं तिचं नाव घेऊन सांग. बोलणं तिला करू दे. तिचं इंग्रजी अडलं तर मध्ये तोंड घालू नकोस. त्या म्हाताऱ्या बाई धीराच्या आहेत, थांबतील. आधीच्या गावांतल्या ज्यांना भेटता येणार नाही त्यांना हातानं पत्र लिही, मेसेज नको. एरिया बुकात, तुमच्या त्या भागाच्या नोंदवहीत, माणसांबद्दल नीट लिहून ठेव. 'रस नाही' एवढंच लिहिलेल्या नोंदी मी पाहिल्यात. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाचा मुलगा तुरुंगात आहे, कुणाला गुरुवारी गेलेलं आवडतं, हे लिही. पुढच्या मुलीला त्याचाच उपयोग होईल.

आणि घरी आलीस की घरी ये. तोही निघण्याइतकाच कठीण भाग आहे. स्टेक प्रेसिडेंट तुला मोकळं करतील, टॅग निघेल, आणि रस्त्यावर एकटी चालताना शेजारी कुणी नाही म्हणून मान सारखी वळेल. वळू दे. चार दिवसांत लोक लग्नाचं विचारायला लागतील, त्यांना हसून गप्प कर. गणपती होऊन गेलेले असतील. पण आई नवरात्रात घट बसवते, तेव्हा तिच्या हाताखाली काम कर. आरतीला उभं राहायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी सांगणार नाही, पण त्यावरून पहिल्याच आठवड्यात घरात वाद काढू नकोस. इंग्लंडच्या आठवणी आईला तिनं न विचारता ऐकवू नकोस. तिनं विचारलं की भरपूर सांग. घरी येऊन इंग्लंडला असल्यासारखी राहू नकोस, जशी आत्ता इंग्लंडमध्ये लीहायला असल्यासारखी राहतेयस.

सेमिस्टरचं माझ्यावर सोपव. रविवारी मी तुमच्याकडे जेवायला जातेय, तेव्हा आईशी मीच बोलेन. ती माझ्यावर चिडली तर चिडू दे, आमची जुनी मैत्री आहे. युटातल्या युनिव्हर्सिट्यांना मिशनसाठी प्रवेश पुढं ढकलणं नवीन नाही, दरवर्षी कितीतरी मुलं जानेवारीपासून बसतात. तुझ्या बाबांना मी अर्ज भरायला बसवते. तुझा स्टुडंट आयडी आणि प्रवेशाचं पत्र मला सोमवारी पाठव, अर्जाला दोन्ही लागेल. प्रेसिडेंटना लिहायचा मसुदा तयार असेल तर पुसून टाक.

तुझी,
सँडीत राहणारी मावशी